बोर्डावरची प्रत्येक चव चाखायची आहे?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना एक उद्योग सुचवला होता. घराजवळचं एकच आईस्क्रीमचं दुकान धरायचं आणि तिथल्या बोर्डावरची एकूण एक चव खाऊन बघायची. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ३६ चवी आहेत. सुरुवात कुठून करावी आणि एका बैठकीत किती झेपतील? (सांगली)

३६ हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. बहुतेक दुकानांत मूळ मिश्रणं एक-दोनच असतात. दूध, मलई, दूध पावडर आणि साखर यांचं पांढरं मिश्रण आणि फार तर कोकोचं वेगळं. पुढे त्याच पांढऱ्यात कुठे आंब्याचा गर, कुठे काजूचे तुकडे, कुठे नुसता इसेन्स पडतो आणि बोर्ड भरतो. म्हणून पहिली चव मलई घ्या. मलई नसेल तर व्हॅनिला. तिथे लपवायला जागा नसते. तोंडात दुधाचा वास दरवळला आणि गोडी घशाशी आली नाही, तर बाकीच्यांचा पाया बरा आहे समजा. मलईच पावडरची लागली, तर पुढच्या ३५ चवी त्याच पावडरीवर उभ्या आहेत.

मग गट पाडा. दुधाळ चवी (मलई, व्हॅनिला, शहाळं), फळांच्या, सुक्या मेव्याच्या (काजू-मनुका, अंजीर, बदाम, पिस्ता, केशर घातलेल्या), त्यानंतर बटरस्कॉच, कॉफी, चॉकलेट. सगळ्यात शेवटी आगाऊ मंडळी: गुलकंद, आलं, तिखट-मीठ लावलेला पेरू, पान, पुदिना. एका बैठकीत एकाच गटातल्या चार, फार तर पाच चवी, फिक्यापासून तीव्रकडे. पान आणि पुदिना नेहमी शेवटच्या घासाला ठेवा. मेंथॉलमुळे जिभेला उगाचच गारवा वाटत राहतो आणि त्यानंतर खाल्लेलं शहाळं म्हणजे नुसतं गोड पाणी.

एक स्कूप साधारण ५० ते ६० ग्रॅमचा असतो आणि पूर्ण मलईच्या आईस्क्रीममध्ये १०० ग्रॅमला २०० कॅलरींच्या आसपास भरतात. एकट्याने पाच स्कूप म्हणजे ५०० ते ६०० कॅलरी, एक जेवणच. चार जणांत पाच स्कूप घेतले तर माणशी ६० ते ७५ ग्रॅम येतात, आणि चव कळायला प्रत्येकी दोन-तीन चमचे पुरतात. या हिशेबाने ३६ चवींच्या आठ बैठका होतात. आठवड्याला एक धरली तर दोन महिने.

वेळ दुपारी चार-पाचची बरी, जेवणानंतर दोन तास तरी गेलेले असावेत. वर चहा-कॉफी नको, तंबाखू-सुपारी तर नकोच. प्रत्येक चवीनंतर साधं किंवा कोमट पाणी प्या आणि चिमूटभर कोरडे चुरमुरे चावा. गार पाणी प्यायलात तर जीभ बधिर होते आणि आईस्क्रीम बिचारं बदनाम होतं. खारी, बिस्किटं, फरसाणही नको. त्यांचं तूप आणि मीठ जिभेवर बसतं.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते घाईत. दुकानाच्या फ्रीजरमधून स्कूप निघतो तेव्हा उणे १२ ते उणे १५ अंशांवर असतो. इतक्या गारीत गोडी आणि वास दोन्ही दबलेले राहतात (विरघळलेलं आईस्क्रीम एकदम मिट्ट गोड लागतं ते याचमुळे). कपाच्या कडेने चकाकी आली, चमचा न रेटता आत गेला, की मग चाखा. पंख्याखाली दोन-तीन मिनिटं पुरतात.

वहीत तीनच गोष्टी लिहा: आधी कसला वास आला, गोडी कितपत, आणि गिळल्यावर तोंडात काय राहिलं. ‘छान’ ही नोंद नव्हे.

प्रश्न: दुकानदार चमच्यावर चव देतो. फुकटात किती मागाव्यात? (ठाणे)

तीन. आणि त्यानंतर काहीतरी विकत घ्यावं. रविवारी रात्री नऊला, मागे रांग असताना एकही मागू नये. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा दुकानदार हौसेने पाच-सहा चाखवेल, वर कुठला डबा आज उघडला तेही सांगेल, आणि हीच माहिती मोलाची. चमच्यावरचा घास लगेच गिळू नका. जिभेवर धरून टाळूला लावा, वास नाकात चढू द्या.

एक सावधगिरी. स्कूप काढायचा चमचा बहुधा एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून सगळ्या डब्यांत फिरतो. शेंगदाणा, काजू, बदाम यांची ॲलर्जी असेल त्यांच्यासाठी साधी मलईसुद्धा निर्धोक नाही. अशांनी हा उद्योग सुट्या स्कूपवर करूच नये. बंद कप घ्यावेत, घटकांची यादी आणि ॲलर्जीची सूचना वाचून.

प्रश्न: डोळे मिटून खाल्लं तर पिस्ता आणि बदाम एकसारखे लागतात. जीभ बिघडली की आईस्क्रीम? (नाशिक)

जीभ शाबूत आहे. बदामाच्या इसेन्सचा जो ओळखीचा वास आहे तो बेंझाल्डिहाइडचा, म्हणजे कडू बदामाचा. आपण खातो त्या गोड बदामाला तो जवळपास नसतोच. स्वस्तातला पिस्ता इसेन्सही बऱ्याचदा याच वासावर भागवतो. वर हिरवा रंग घातला की झाला पिस्ता. तेव्हा तुमच्या दोन कपांत एकच वास आहे, रंग तेवढे दोन.

खऱ्या पिस्त्याच्या पेस्टचा रंग मळकट, शेवाळी असतो, थोडा तपकिरीकडे झुकणारा. वास मंद येतो आणि चव उशिरा, गिळताना कळते. एक चमचा वाटीत पूर्ण विरघळू द्या. खाली बारीक कण उतरले तर पेस्ट आहे, एकसारखं हिरवंगार पाणी झालं तर नाही. रंगासाठी ठेवलेले वरचे चार तुकडे धरू नका.

बटरस्कॉचचा जीव पिवळ्या रंगात नसतो, कॅरमेल केलेल्या साखरेच्या दाण्यांत असतो. हे दाणे ओल धरतात. दाताखाली कुरकुरले तर डबा ताजा. चिकट, मऊ लागले तर डबा बरेच दिवस पडून आहे. कुठल्याही दुकानात माल किती लवकर खपतो हे बघायला याहून सोपी युक्ती नाही. सीताफळात मात्र लबाडी चटकन उघडी पडते. त्याचा गर तापवला की कडवटतो, म्हणून तो कच्चाच घालावा लागतो. जिभेखाली त्याचे रवाळ कण आलेच पाहिजेत.

प्रश्न: एकाच दुकानात कधी बर्फाचे खडे लागतात, कधी वाळू चावल्यासारखं होतं. का? (अकोला)

हे दोन वेगळे दोष आहेत, गल्लत करू नका.

खडा तोंडात विरघळून पाणी होत असेल तर तो बर्फ. आईस्क्रीममध्ये बर्फ असतोच, पण कण इतके बारीक की कळत नाहीत. साधारण ५० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या) वर गेले की जीभ पकडते. वीज गेली, झाकण सारखं उघडलं, डबा गाडीतून उतरवून बाहेरच राहिला, की बारीक कण वितळतात. पुन्हा गार झाल्यावर ते पाणी उरलेल्या मोठ्या कणांवर चढतं आणि खडे वाढतात. एकदा वाढलेले खडे नंतर कितीही गार केलं तरी लहान होत नाहीत. वीज बराच वेळ गेलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चव घेऊन दुकानावर शिक्का मारू नका. डब्याच्या कडेला पांढरी भुरी जमलेली दिसली तर तो डबा सोडून दुसरी चव मागा.

कण लवकर विरघळतच नसेल, खडूच्या भुकटीसारखा राहत असेल, तर ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. दूध पावडर जास्त पडली आणि माल साठून राहिला की ती बाहेर पडते. याला उपाय नाही.

तिसरा दोष उलट्या टोकाचा. आईस्क्रीम रबरासारखं ताणलं जातं, अर्ध्या तासाने वाटीत बघावं तर स्कूपचा आकार जसाच्या तसा. लोकांना हे ‘घट्ट’ म्हणून आवडतं. ती घट्टी बहुधा मलईची नसते, जास्त पडलेल्या डिंकाची असते (गवार गम, कॅराजीनन वगैरे). पॉटच्या आईस्क्रीमला हे निकष लावू नका. बर्फाच्या चार-पाच भागांना एक भाग खडे मीठ घालून फिरवलेल्या पॉटमध्ये हवा कमी शिरते, डिंक बहुधा नसतो. ते पटकन वितळणारच. पॉटमधून वाटीत आलं की लगेच खायचं.

घरी पॅक नेणार असाल तर थर्माकोलचा डबा न्या. अर्ध्या तासाच्या वर रस्ता असेल तर दोन पॅक एकमेकांना चिकटवून ठेवा, एकट्या पॅकचा गारवा कमी टिकतो. फ्रीजरच्या दारात ठेवू नका, मागे तळाशी ठेवा, आणि फोडलेल्या पॅकमध्ये आईस्क्रीमला लागून बटर पेपर दाबून मगच झाकण लावा.

प्रश्न: बोर्डावर ‘आईस्क्रीम’, डब्यावर ‘फ्रोजन डेझर्ट’. मोजायचं कशात? (पनवेल)

वहीत दोघांचे रकाने वेगळे करा. अन्नसुरक्षा नियमांनुसार आईस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के हवा. मध्यम स्निग्धांशाच्या प्रकारात २.५ ते १० टक्के, कमी स्निग्धांशाच्या प्रकारात २.५ टक्क्यांपर्यंत. फ्रोजन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं, पण तसं लेबलवर लिहावं लागतं. ती भेसळ नव्हे, तो वेगळा पदार्थ आहे. फसवणूक होते ती आईस्क्रीम म्हणून खपवला जातो तेव्हा. सुट्या स्कूपला लेबल नसतं, म्हणून सरळ डबा दाखवायला सांगा. खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहिला आणि कोमट पाण्यानेच गेला, तर शंका घ्यायला जागा आहे.

वजनही बघा. नियमाने एक लिटर आईस्क्रीम किमान ५२५ ग्रॅम भरायला हवं. म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहूनही डब्यात जवळजवळ निम्मी हवा असू शकते. एकाच मापाचे दोन पॅक हातात घेऊन बघितले तरी फरक कळतो. जड तो बहुधा बरा.

प्रश्न: उन्हाळ्यात सुरू केलं तर सीताफळ कधी मिळणार? (पुणे)

आत्ताही मिळेल, पण गोठवलेल्या गराचं. फळांच्या चवींसाठी दोन महिन्यांचा हट्ट सोडा आणि त्या हंगामाला बांधा. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च, हापूस एप्रिल-मे, फणसही तेव्हाच, जांभूळ जूनच्या सुमारास, सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. शहाळं बारमाही. आंब्याचा गर गोठवण्यात फारसा बिघडत नाही. स्ट्रॉबेरी पाणचट होते, सीताफळ काळसर पडतं. १९८४ साली जुहूला सुरू झालेल्या नॅचरल्सपासून फळाच्या गराचं आईस्क्रीम लोकांच्या चांगलं अंगवळणी पडलं आहे. आता लहान दुकानांतही ‘हंगामी’ अशी पाटी लागते. ती पाटी बदलली की फेरी मारा.

प्रश्न: मस्तानी वेगळी चव धरायची का? (पुणे, आणखी एक)

नाही. मस्तानी म्हणजे दाटसर दूध, त्यात आंबा वगैरेचा गर किंवा सरबत आणि वर आईस्क्रीमचा गोळा. तो गोळा तुम्ही आधीच मोजला आहे. कोल्हापूरचं कॉकटेल आईस्क्रीमही असंच: फळं, जेली, सुका मेवा आणि दोन-तीन चवी एकत्र. यादी संपल्याच्या दिवशी खा.

प्रश्न: स्कूपच मिळत नसेल तिथे? (दादर)

मुंबईत चर्चगेटजवळ १९५३ पासून असलेल्या के. रुस्तममध्ये दोन पातळ वेफर बिस्किटांमध्ये आईस्क्रीमची लादी देतात. तिथे बशी आणि चमचा मागा, वरचं बिस्कीट बाजूला काढा आणि लादीचे चार तुकडे करा. आधी नुसतं आईस्क्रीम चाखा, मग बिस्किटाबरोबर. उभ्याने रस्त्यावर खायचं असेल तर वही घरी ठेवा. हात रिकामे लागतात.

प्रश्न: वडिलांना मधुमेह आहे. त्यांनी ‘शुगर फ्री’ चवी चाखल्या तर चालेल? (सोलापूर)

दुकानातलं ‘शुगर फ्री’ म्हणजे बहुधा वरून साखर घातलेली नाही, एवढंच. दुधातली साखर बहुधा असते, स्निग्धांश तर असतोच. गोडीसाठी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल वापरलेलं असेल तर जास्त खाल्ल्याने पोट बिघडतं, म्हणून लागोपाठ चार चवी नकोत. किती ग्रॅम चालेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि तेवढंच घरच्या काट्यावर मोजून द्या.

प्रश्न: तिसऱ्या-चौथ्या घासाला कपाळात सणक जाते. मी सातवीत आहे. (चिपळूण)

गार पदार्थ टाळूच्या मागच्या भागाला एकदम लागला की तिथल्या रक्तवाहिन्या आकसून लगेच फुगतात आणि कळ कपाळात जाणवते. चमचा ठेव, जीभ टाळूला घट्ट दाबून धर आणि कोमट पाण्याचा घोट घे, मिनिटभरात ओसरते. पुढचा घास लहान घे आणि जिभेच्या शेंड्यावर विरघळू दे.