नवस बोलणाऱ्या आईबापांशी भांडू नकोस

अगं, तुझा भलामोठा मेसेज वाचला, डीईआयसीला (लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्राला) नुकतीच लागलीस आणि आत्ताच एवढी वैतागलीस की "लोक आधी देवऋषाकडे जातात मग आपल्याकडे, यांना कसं समजवायचं" म्हणतेस. समजवू नकोस. आधी विचार. "तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" एवढंच, आणि मग गप्प बस, आई काय ते सांगेल. फक्त सासू शेजारी बसलेली असताना विचारू नकोस बाई, तिला बाहेर केसपेपरच्या कामाला लाव.

ओठ फाटलेलं बाळ घेऊन येणारी बाई हमखास ग्रहणाचं सांगते, ग्रहणात भाजी चिरली म्हणे. आता तू तिला ग्रहण म्हणजे काय हे शिकवायला बसलीस तर ती मान हलवून निघून जाईल. तिला ग्रहणाचं कुतूहल नाहीये गं, घरातल्यांनी तिच्यावर ठेवलेला ठपका आहे तो. त्यामुळे "ताई, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही" हे आधी बोल, आणि नवऱ्यासमोर बोल, मग ऑपरेशनची तारीख. मी पाहिलंय की नवस, अंगारा, कुलदैवत हे सगळं चालू ठेवूनही लोक थेरपीला नियमित येतात, त्यांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी सुखाने नांदतात, भांडण आपल्यालाच सुचतं.

मला खरं भ्या वाटतं ते "याचे वडील पण चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते" या वाक्याचं. ऐकायला किती निरुपद्रवी! शिकलेल्या घरातही तेच, फक्त जोडीला "मुलगे उशिराच बोलतात" असतं. देवऋषी दोन-चार वाऱ्यांत संपतो, हे वाक्य वर्षं खातं. मूल जन्मतः बहिरं असेल तर एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटला (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) मूल ५ वर्षांच्या आतलं असण्याची अट आहे, आणि भाषेच्या दृष्टीने तर त्याच्याही खूप आधी व्हायला हवं. म्हणून तिथे वाट बघू नकोस. वडील उशिरा बोलले असतील, मान्य, पण कानाची तपासणी करून घेऊ, दुखत नाही, झोपेत होते, असं म्हण.

आपलीही एक श्रद्धा असते बरं का. "घरात एकच भाषा बोला, इंग्लिशच बोला" असं डॉक्टर-शिक्षक बिनधास्त सांगतात आणि पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत मराठी आईबाप घाबरून मुलाशी मोडक्या इंग्लिशमध्ये बोलायला लागतात. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही की बोलणं खुंटत नाही. उलट ज्या भाषेत आजी लाड करते तीच काढून घेतली जाते. हा सल्ला कुणी दिलेला दिसला तर बिनदिक्कत खोडून काढ.

आणि दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं लिहिलं होतंस. "थोरलीचं लग्न होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्या बापाला कायदा ऐकवू नकोस, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्याच्या काय कामाचे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, कपाटात राहतं, गावात दवंडी पिटत नाहीत हे सांग, आणि ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असेल तर निरामय या सरकारी योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात हे सांग. फॉर्म ड्रॉवरमध्ये तयार ठेव, तो "घरी विचारून सांगतो" म्हणेल तेव्हा हातात दे, आणि घरी नेमकं कुणाला विचारणार तेही विचारून घे, पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या म्हणावं.