शिशाच्या ओतीव गोळ्या विकत आणून कोल्हापुरात घरी काडतुसं भरता येतील का?
नको रे भावा. अमेरिकेत अशा गोळ्या खोक्यानं मिळतात; बंदुकीच्या नळीच्या आतल्या खाचांच्या व्यासापेक्षा साधारण ०.००१ इंच जाड घेतात, नाहीतर कडेनं गरम वायू निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं. आपल्याकडं मात्र शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५: परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा, बरं का.

शिवाय आपल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं, त्या ५० मीटर रायफलचं काडतूस रिमफायर. पेटवणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो, त्यामुळं ते पुन्हा भरायचा प्रश्नच नाही.

एअर रायफलनं सुरुवात कर. छर्रे ४.५ मिमीचे. तेही शिशाचेच, म्हणून हात धुतल्याशिवाय वडा खाऊ नको.