आजीच्या घड्याळावरचा निळा रंग मीना आहे की नुसता पेंट?

ताई, अंबाजोगाईहून तुम्ही विचारलंय की आजीच्या पेटीत निघालेल्या चावीच्या लेडीज घड्याळावरचं निळं काम खरं मीना आहे का, तर आधी घड्याळजीकडचं दहापट भिंग घ्या. मीना म्हणजे काचेची पूड, जी साधारण ८०० डिग्रीला धातूवर वितळवतात, म्हणून कडेला टवका उडालेला असेल तर तो बांगडी फुटल्यासारखा धारदार, चकचकीत दिसतो, आणि पेंट असला की पापुद्रे निघतात नाहीतर ओरखडे पडतात. पिनने खरवडून बघू नका हो! घड्याळ उजेडात तिरकं करा, निळ्याखाली बारीक लाटा किंवा सूर्यकिरणांसारख्या रेघा हलताना दिसल्या तर ते गियोशे काम, म्हणजे आधी धातूवर मशीनने नक्षी कोरून वरून पारदर्शक मीना चढवलेला, आणि मला तर यात हेच सगळ्यात सुंदर वाटतं.

मग मागचं झाकण उघडून घ्या (घड्याळजीकडूनच). आत ९२५ किंवा ०.९३५ असा शिक्का असेल तर केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, चांदीचं, १९०७ नंतर ब्रिटनमार्गे आलेल्यांवर तिथला आयात हॉलमार्कही सापडतो. पट्ट्यासाठी तारेच्या कड्या असतील तर बहुतेक १९१०-३० च्या आसपासचं.

संभाजीनगरात शहागंजकडं किंवा कुठंही जुनं घ्यायला गेलात तर घड्याळाचं मशीन बंद असलं तरी चालेल, दुरुस्त होतं, पण मीना उडालेला पीस स्वस्त मिळाला तरी सोडा, कारण तो परत भट्टीत घालून देणारा कारागीर मिळणं लई अवघड. अल्ट्रासोनिक मशीनमधे (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) धुवायला तर अजिबात देऊ नका, तडे जातात.