शाळेच्या प्लॅनिंग कमिटीवर कोणाला पाठवायचं?

प्रश्न: ताई, आम्ही टेक्सासमध्ये प्लेनोत राहतो. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) प्लॅनिंग कमिटीसाठी नावं द्यायचीयत आणि आमच्या मराठी मंडळातले सगळे म्हणतायत आपला एक तरी माणूस तिथे हवाच. तीन नावं निघाली, मंडळाचे माजी अध्यक्ष (मुलं कॉलेजात), एक मैत्रीण जी शाळेतच टीचर्स एड, म्हणजे वर्गात शिक्षकांची मदतनीस आहे आणि तिची मुलगी पाचवीत, आणि मी. पण मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मला चालतं का?

उत्तर: चालतं की! डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या निवडणुकीला उभं राहायला सिटिझन लागतो, त्यात आणि यात गल्लत होतेय तुमची. या कमिटीसाठी राज्याच्या कायद्यात तशी अट नाही. पालक म्हणून जायचं तर मूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत हवं आणि आपण डिस्ट्रिक्टच्या पगारावर नको. म्हणजे मैत्रीण पालकांच्या जागेवरून बाद, आणि कम्युनिटी मेंबरच्या जागेवर मुलं शाळेत असलेले पालक धरत नाहीत त्यामुळे तिथूनही बाद, बिचारी. अध्यक्षसाहेब मात्र तिथे बसतात, १८ वर्षं पूर्ण आणि डिस्ट्रिक्टमध्ये घर एवढंच लागतं. धंदेवाल्यांच्या जागेला तर तिथे राहायचीही अट नाही, ओळखीत कोणाचं रेस्टॉरंट असेल तर विचारा.

आता कोणाला पाठवायचं, तर मला विचाराल तर, मूल डिस्ट्रिक्टच्या शाळेत असेल तर पालकांच्या जागेवर तुम्हीच जा. ही कमिटी सल्ला देते, ठरवतो बोर्ड, आणि काम म्हणजे कुठल्या मुलांचं वाचन मागे पडलंय, कुठल्यांचं गणित, मग त्यावर वर्षाचा प्लॅन, सगळं आकड्यांचं आणि रटाळ. दिवाळीची सुट्टी मागायला म्हणून कोणी गेलं तर दुसऱ्या मीटिंगला येणारच नाही. तुमच्याच प्लेनोत २०२४ मध्ये बोर्डाने चार शाळा बंद करायचं ठरवलं, मुलं कमी झाली म्हणून. अशा वेळी पटसंख्येचा कागद नीट वाचून आलेला पालक लागतो, आणि अध्यक्षसाहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, स्टेज गाजवणं वेगळं. त्यांना हौस असेल तर कम्युनिटीच्या जागेसाठी त्यांनीही भरावा की फॉर्म, तुमची जागा त्याने अडत नाही.

मैत्रिणीला सोडू नका पण. वर्गात रोज काय चालतं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक, मीटिंगच्या आधी तिच्याशी बोलून जात जा. आणि नंबर नाही लागला तरी राज्याकडून डिस्ट्रिक्टचा वार्षिक रिपोर्ट आला की कमिटीला वर्षातून एकदा तरी सगळ्यांसाठी खुली मीटिंग घ्यावीच लागते, त्या मीटिंगला मंडळातले पाच-सहा जण मिळून जा.