कोठडी, ताबा की अभिरक्षा?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "वर्तमानपत्रांत 'कोठडीत अत्याचार', 'तुरुंगात अत्याचार' आणि क्वचित 'अभिरक्षेतील बलात्कार' असे प्रयोग वाचनात येतात. तिन्हींचा अर्थ एकच का? 'कस्टोडियल रेप' यासाठी मराठीत नेमकं काय लिहावं?"

अर्थ एकच नाही, आणि इथे शब्द चुकला तर कायदा कोणाचं रक्षण करतो हेच कळेनासं होतं.

कोठडी म्हणजे लहान खोली. ठाण्यातल्या लॉकअपला आपण कोठडी म्हणतो ते बरोबरच आहे. पण बातम्यांतली 'पोलीस कोठडी' आणि 'न्यायालयीन कोठडी' या खोल्या नव्हेत. न्यायालयीन कोठडी सुनावलेला माणूस कोर्टाच्या इमारतीत नसतो, तो आर्थर रोडला नाहीतर येरवड्याला असतो. कोर्टाच्या आवारात 'पीसीआर मिळाला', 'एमसीआर झाला' असं बोलतात. पीसीआर म्हणजे आरोपी तपासासाठी पोलिसांकडे, एमसीआर म्हणजे त्याची रवानगी कारागृहात. दोन्हींत प्रश्न एकच असतो: माणूस कोणाच्या ताब्यात आहे?

हा फरक किती मोलाचा आहे हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी बोलावलं होतं. तिला अटक झालेली नव्हती, तिच्यावर कसला आरोप नव्हता. तिच्या भावानेच तक्रार दिली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला मागे ठेवून घेतलं. एका पोलिसाने ठाण्याच्या संडासात आणि मग मागच्या बाजूला आपल्यावर बलात्कार केला, अशी तिची फिर्याद होती. म्हणजे ती कोठडीत नव्हतीच. ताब्यात मात्र होती, कारण ठाण्यातून कधी निघायचं हे तिच्या हातात नव्हतं आणि नातलग दाराबाहेर थांबलेले होते.

(हा खटला तिच्या नावाने प्रसिद्ध आहे. मी ते नाव लिहीत नाही. पीडितेची ओळख छापायला बंदी करणारं कलम याच खटल्यानंतर, १९८३ च्या दुरुस्तीत आलं.)

सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केली नाही, म्हणून संमती होती, असा निष्कर्ष निघाला. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूटपणे सोसणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

या कायद्याने शब्द फार काळजीपूर्वक वापरले आहेत. आज जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४(२) मध्ये ते सापडतात. पोलिसाने आपल्या ठाण्याच्या हद्दीत किंवा ठाण्याच्या आवारात बलात्कार केला, तर बाई ताब्यात होती का हेही विचारायचं कारण नाही. लोकसेवकासाठी 'ताब्यातील स्त्री' असा शब्द आहे, तर कारागृह, सुधारगृह यांच्या कर्मचाऱ्यांसाठी तिथली 'बंदी', म्हणजे तिथे ठेवलेली व्यक्ती. शिक्षा किमान दहा वर्षं सक्तमजुरी. अशा खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि 'माझी संमती नव्हती' असं तिने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. शिवाय कलम ६८ आहे: तुरुंग अधीक्षकाने पदाचा गैरफायदा घेऊन बंदी स्त्रीला राजी केलं, तर ते बलात्काराच्या व्याख्येत बसत नसलं तरी पाच ते दहा वर्षं शिक्षा. ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्याला मिळालेल्या होकाराची किंमत कायद्याने ओळखली, हे मला या सगळ्या तरतुदींत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

१९८३ मधलाच शीला बर्से खटलाही बघा. बर्से या पत्रकार. त्या मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्री बंदींना भेटल्या. त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं की, पोलीस लॉकअपमध्ये आम्हाला मारहाण झाली. ज्या तुरुंगात त्या भेटल्या तिथे नव्हे, आधीच्या मुक्कामी. तिथे 'तुरुंगात मारहाण' असं छापलं असतं तर दोष भलत्याच खात्यावर गेला असता. सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही म्हणूनच लॉकअपबद्दल होता: स्त्री संशयितांसाठी वेगळे लॉकअप, पहाऱ्याला महिला शिपाई, चौकशी महिला पोलिसासमोरच.

तेव्हा माझं मत असं. जागा माहीत असेल तर जागा लिहा: ठाण्यात, लॉकअपमध्ये, कारागृहात. गुन्ह्याचा प्रकार सांगायचा असेल तर 'ताब्यात असताना झालेला बलात्कार' लिहा. 'अभिरक्षा' सरकारी कागदांत चालतो, पण त्यात रक्षणाचा ध्वनी आहे आणि बलात्काराशेजारी तो कानाला बोचतो. 'ताबा' शब्दात सत्ता कोणाची ते लगेच कळतं.

'अत्याचार' मात्र इथे टाळाच. एरवीही तो बलात्काराला पांघरूण घालतो, पण कैद्यांच्या बाबतीत मारहाण, उपासमार, झडतीच्या नावाखाली विवस्त्र करणं, बलात्कार, सगळंच त्यात जातं आणि वाचणाऱ्याला काय घडलं ते कळत नाही.

पुरुष आणि तृतीयपंथी कैद्यांबद्दल लिहितानाही 'बलात्कार' हाच शब्द वापरा. कलमात 'बंदी' असा सर्वांना लागू होणारा शब्द असला, तरी बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे. प्रौढ पुरुषाला जुन्या दंड संहितेतल्या 'अनैसर्गिक' संबंधांवरच्या कलम ३७७ चा आधार होता, नव्या संहितेत ते कलमच नाही. अमेरिकेत तुरुंगातल्या बलात्कारांविरुद्ध २००३ मध्ये खास कायदा झाला, त्यात कैदी स्त्री की पुरुष असा भेद नाही. आपल्या कायद्यात ती जागा रिकामी आहे. ती भरेपर्यंत बातमीत 'अनैसर्गिक कृत्य' लिहून त्या माणसावर झालेली जबरदस्ती झाकू नका.