सी-ई-जी या एकाच कॉर्डला (एकत्र वाजवलेल्या स्वरांना) कधी रोमन एक (I), कधी चार (IV) का म्हणतात? आणि त्या आकड्यापुढचा ६ म्हणजे काय?

नवरात्रीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवता म्हणजे बोटांचं काही अडलेलं नाही, अडलंय ते नावांपाशी. मी इथे बडोद्यात, दांडिया बाजारात हार्मोनियम शिकवते, तेव्हा आमच्याच भाषेत सांगते.

पांढऱ्या पट्ट्या सीपासून मोजायच्या: सी म्हणजे पांढरी एक, ई तीन, जी पाच. पांढरी एक, तीन, पाच दाबली की सी मेजर. हे नाव कायमचं. रोमन आकडा मात्र सा कुठे धरलाय यावर ठरतो. सा पांढरी एक असेल तर हे तीन स्वर सा-ग-प, म्हणून रोमन एक. सा पांढरी पाचवर नेलात की तेच म-ध-सा होतात, रोमन चार. पांढरी चारचा सा धरलात तर प-नी-रे, रोमन पाच. (पांढरी पाच आणि रोमन पाच यांची गल्लत माझ्याकडे येणारा प्रत्येक जण करतो.) गायकाने ऐनवेळी पट्टी चढवली की कामाला येतात ते हेच आकडे. मेजरला मोठी रोमन अक्षरं, मायनरला लहान, एवढं लक्षात ठेवलं की वाचता येतं.

आता ६. तुमच्या चार्टमध्ये सी-सिक्स असेल तर सी-ई-जीमध्ये ए मिळवायचा. रोमन आकड्यापुढचा ६ नवा स्वर आणत नाही. तो सगळ्यात खालच्या स्वरापासून मोजलेला असतो. खाली ई ठेवलात तर तिथून सी सहावा. खाली जी असेल तर सी चौथा आणि ई सहावा, म्हणून ६ आणि त्याखाली ४. सतराव्या शतकात कीबोर्डवाल्यापुढे नुसती बासची, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांची ओळ आणि असे आकडे असत, मधले स्वर त्यानेच भरायचे. कॉर्डचं मूळ कुठलं, हा प्रश्नच तेव्हा नव्हता. ई-जी-सी हे सी-ई-जीचंच रूप आहे हा विचार ठामपणे मांडला फ्रेंच संगीतकार रामोने, १७२२ साली. रोमन आकडे तर त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात गॉटफ्रीड वेबर या जर्मन संगीत-अभ्यासकामुळे रुळले. तुम्ही वाचताय त्या एका खुणेत असे दोन वेगळे हिशेब आहेत: रोमन आकडा कॉर्डच्या मुळाचा, ६ बासपासून मोजलेला.

त्यांचं कुठे जमत नाही ते बघायचंय? सा पांढरी एक धरून जी-सी-ई, मग जी-बी-डी, मग सी मेजर असा शेवट वाजवा. स्वर मोजले तर पहिला कॉर्ड रोमन एक. पण त्यावर थांबून बघा, थांबवतच नाही. बास पंचमावर घट्ट, आणि वर सा नीकडे, ग रेकडे उतरायला टपलेला. माझ्या मते तो पाचच आहे, अजून सुटायचा राहिलेला. पुष्कळ पुस्तकांत पाच लिहून त्यापुढे आधी ६-४ आणि मग ५-३ (बासपासून पाचवा आणि तिसरा स्वर) असंच मांडतात. ब्रिटिश पद्धतीच्या परीक्षेला बसणार असाल तर तिथे याला 'एक-सी' लिहायची रीत आहे. त्यातला सी म्हणजे स्वर नव्हे, ए-बी-सी या क्रमातलं तिसरं रूप. पेपरात तेच लिहा.