तिकडं गेल्यावर आधी पाणी मागायला शिकायचं
वाचकांचे प्रश्न, सिस्टरची उत्तरं

मागच्या अंकात मी धर्मभगिनी म्हणून मंगोलियात काढलेल्या अकरा वर्षांबद्दल (२००८ ते २०१९) थोडंसं लिहिलं होतं, त्यावर खान्देशातून इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही. पाच प्रश्न घेतलेत. नावं छापू नका असं बहुतेकांनी सांगितलंय, म्हणून फक्त गावं दिलीत.

प्रश्न: सिस्टर, जय येशू. माझी मुलगी धर्मभगिनी आहे, २९ वर्षांची. ऑगस्टमध्ये तिला मंगोलियाला पाठवतायत. आमचं आयुष्य रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, थंडी म्हणजे आम्हाला डिसेंबरातली सकाळ. तिकडं उणे तीस असतं म्हणतात. पोरीला कळण्याची भाकरी आणि ठेचा लागतो. मी तिला अडवत नाहीये पण रात्री झोप येत नाही. बरोबर काय देऊ? (एक आई, भुसावळ)

ताई, जय येशू. तुमचं पत्र वाचून मला माझी आई आठवली, तिनं मला तीन स्वेटर विणून दिले होते आणि तिन्ही तिथं पहिल्याच नोव्हेंबरमध्ये निकामी ठरले. म्हणून आधी हेच सांगते, गरम कपडे भुसावळात घेऊ नका. उलानबातर ही जगातली सगळ्यात थंड राजधानी, जानेवारीत रात्री उणे तीस नेहमीचं आणि कधी कधी उणे चाळीसपर्यंत जातं, आणि त्या थंडीचे कपडे त्याच लोकांना करता येतात. मेंढीच्या कातड्याचे बूट, उंटाच्या लोकरीचे मोजे, हे तिला तिथल्या सिस्टर पहिल्या आठवड्यात घेऊन देतील. आपल्याकडं मे महिन्यात ४५-४६ डिग्रीत आपण दुपारी बाहेर पडत नाही ना, तसंच तिथंही लोकांनी जगायचं शास्त्र शोधलेलं आहे, ते तिनं त्यांच्याकडून शिकायचं.

तुम्ही द्या ते मसाले. काळा मसाला, हळद, शेंगदाण्याची कोरडी चटणी, आणि जागा उरली तर बिबडे. तिथं मटण भरपूर, बटाटा गाजर कोबी मिळतो, चहा दुधाचा असतो पण त्यात साखर नाही, मीठ असतं. सुतेइ त्साइ म्हणतात. पहिल्यांदा तोंडात घेतला तेव्हा मला रडू आलं होतं खरं सांगते, चहाला चहाची चव नाही म्हणून नाही, तर घर किती लांब आहे हे त्या एका घोटात कळलं म्हणून. वर्षभरानं मी स्वतः तोच मागायला लागले.

थंडीपेक्षा एका गोष्टीची काळजी घ्यायला सांगा, कोळशाच्या चुलीची. शहराच्या कडेनं गेर असतात, म्हणजे लोकरीच्या नमद्याचे गोल तंबू, हजारो कुटुंबं त्यात राहतात आणि सगळी ऊब कोळशावर. हिवाळ्यात धुरानं समोरचा माणूस दिसत नाही. मी निघाले त्याच वर्षी, २०१९ मध्ये, राजधानीत कच्चा कोळसा जाळायला बंदी आली आणि कोळशाच्या विटा आल्या, पण कार्बन मोनॉक्साइडचा धोका काही गेला नाही, त्याला वासही नसतो. तिला म्हणा रात्री चूल दाबून झोपायचं नाही, आणि डोकं जड झालं की आधी दार उघडायचं, प्रार्थना नंतर.

फोनचं असं की तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे तिचे साडेदहा, ती पहाटे उठणार, तर तुम्ही संध्याकाळी सहाच्या आत करा. आणि ताई, पहिल्या हिवाळ्यात ती फोनवर रडेल. तिला लगेच "परत ये" म्हणू नका आणि "देवाची इच्छा" असंही म्हणू नका. आज काय जेवलीस ते विचारा. माझी आई तेवढंच विचारायची आणि मला तेवढंच हवं असायचं.

प्रश्न: मी नर्सिंग केलंय, वय २४. मला दोन वर्षं बाहेरच्या देशात मिशनमध्ये सेवा करायची इच्छा आहे पण घरचे विचारतात तिथं दिवसभर काय करणार, प्रचारच ना? मलाही नीट माहिती नाही. आणि भाषा येत नसताना उपयोग काय होणार? (एक वाचक, धुळे)

दादा, दिवसभर काय करणार तर पाणी आणणार. खरंच सांगते. गेरच्या वस्तीत नळ नाहीत, पाण्याच्या टपरीवरून कॅन भरून ढकलत आणायचं, तेही बर्फावरून. आपल्याकडच्या बायका टँकरपुढं हंडे घेऊन उभ्या असतात ना मे महिन्यात, अगदी तेच चित्र, फक्त वर ऊन नाही. पहाटे साडेपाचला उठून प्रार्थना, चूल पेटवणं, मग पाणी, मग शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी सूप, त्यांचा अभ्यास, आठवड्यातून दोनदा आंघोळीची सोय कारण घरी आंघोळ करणं कुणाला परवडत नाही, दुपारी म्हाताऱ्यांच्या घरी फेरी, संध्याकाळी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना. यात कागदपत्रं धरलेली नाहीत. परदेशी माणूस ठेवायचा तर त्याच्यामागे स्थानिक लोकांना नोकरी द्यावी लागते, व्हिसा, संस्थेची नोंदणी वेळोवेळी नवी करायची, एखाद्या महिन्यात मला बायबलपेक्षा फायलीच जास्त हाताळाव्या लागायच्या.

भाषेबद्दल तू विचारलंस ते मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा लांबवते. तिथं लिपी रशियनसारखी आहे, ती महिन्याभरात येते. पण स्वर! 'उस' म्हणजे पाणी, आणि तोच उ जरा जीभ पुढं आणून ओठ गोल करून म्हटला तर त्याचा अर्थ होतो केस. आपल्या कानाला दोन्ही सारखेच. मी सहा महिने लोकांच्या घरी जाऊन पाणी मागतेय असं समजून केस मागत होते आणि ते सभ्य लोक निमूट पाणी आणून देत होते. शेवटी सात वर्षांच्या एका मुलीनं माझी हनुवटी धरली आणि ओठ कसे करायचे ते शिकवलं. तिथं शिकवायला गेलेली मी, आणि त्या दिवशी मला स्पष्ट दिसलं की आधी या पोरीची विद्यार्थिनी व्हायचंय. तू नर्स आहेस, इथं वॉर्डात लोक तुला ब्रदर ब्रदर म्हणून हाक मारत असतील, तिथं वर्षभर तुझी अक्कल तीन वर्षांच्या मुलाइतकी धरली जाईल. ते सहन होणार असेल तर जा, कारण ते खूप जणांना सहन होत नाही, आणि मग ते इंग्रजी येणाऱ्या चार लोकांतच बसून राहतात.

आणि शिष्टाचार आधी शिक. गेरजवळ गेलं की बाहेरून हाक द्यायची ती 'नोखोइ खोर', म्हणजे कुत्रं धरा. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही (हे आपल्या आजीनं शिकवलेलंच आहे), काही दिलं तर उजव्या हातानं घ्यायचं, डावा हात कोपराला लावून. ही भाषाच आहे, तोंड न उघडता बोलायची.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. सातपुड्यात अजून किती काम बाकी आहे, कुपोषण आहे, लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलांची शाळा सुटते. मग आपली माणसं एवढ्या लांब कशाला? तिथल्या लोकांनी त्यांचं बघावं. (एक वाचक, नवापूर)

सर, तुमचा राग मला समजतो आणि तो खरा आहे. सातपुड्याचं काम बाकी आहे यात वादच नाही. पण तुम्ही नवापूरचे, म्हणून तुम्हालाच उलट विचारते. शंभर वर्षांपूर्वी तिकडं स्वीडन-नॉर्वे मूळ असलेले अमेरिकेतले लोक आले, आधी मराठी शिकले, मग भिल्लांची बोली शिकले, उन्हात काही जण आजारी पडले. त्यांच्याही गावात कुणीतरी हेच म्हटलं असणार ना, इथं काय कमी काम आहे का. १९४२ साली चिंचपाड्यात दवाखाना सुरू झाला तो आजही चालू आहे, तुमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी तिथं जन्मलं असेल. तुमच्याकडं ज्याला 'मंडळी' म्हणतात आणि आम्ही कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतो, ती तिकडं एकेकाळी अशीच कोवळी होती.

मंगोलियात किती कोवळी ते ऐका. १९९० पर्यंत तिथं साम्यवादी राजवट, त्याआधी तीसच्या दशकात बौद्ध मठसुद्धा पाडले, लामांना मारलं. १९९२ मध्ये तीन कॅथलिक मिशनरी आले तेव्हा चर्च नाही, घर नाही, एकही स्थानिक कॅथलिक नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मिस्सा व्हायची. त्या तिघांतले फादर पाडिया फिलिपिन्सचे, ते पुढं तिथले पहिले बिशप झाले आणि २०१८ मध्ये तिथंच वारले. २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस मंगोलियाच्या भेटीला गेले तेव्हा सगळ्या देशात कॅथलिक होते साधारण १४५०. देश महाराष्ट्राच्या पाचपट, लोकसंख्या साधारण ३५ लाख, म्हणजे आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्यापेक्षा कमी (२०११ मध्येच जिल्हा ४२ लाख होता). १४५० म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या दोन-तीन गावांतली माणसं.

यात तिथल्या विश्वासणाऱ्याचं जे होतं ते आपल्याला इथं बसून कळत नाही. घरात एकटी मुलगी ख्रिस्ती, आईवडील बौद्ध, आजोबा कशातच नाहीत. त्सगान सार म्हणजे त्यांचा नव्या वर्षाचा सण आला की घरोघर बूझ (मटणाचे मोमो) वाफवतात, म्हाताऱ्यांना नमस्कार करतात, पूजाही असते, आणि ती मुलगी मला विचारते मी कुठपर्यंत सामील होऊ? तिला विचारायला आजी नाही, मावशी नाही, तिच्याआधी हा प्रश्न कुणाला पडलेलाच नाही. देवाला काय म्हणायचं यावरही तिथल्या ख्रिश्चनांचं एकमत नाही, कुणी 'बुर्खान' म्हणतात पण तो शब्द बुद्धासाठी रोजचा आहे, कुणी 'येर्तुन्त्सिन एझेन' म्हणजे विश्वाचा धनी म्हणतात. आपण देव, प्रभू, परमेश्वर सहज म्हणतो, टाळ-तबल्यावर भजनं म्हणतो, ते कुणीतरी आधी बसून, भांडून, ठरवलेलं आहे सर.

आणि स्थलांतर म्हणालात तर तिथं झुद नावाचा हिवाळा येतो, बर्फानं कुरण बंद होतं आणि जनावरं उभ्या उभ्या मरतात. २००९-१० च्या हिवाळ्यात ८० लाखांहून जास्त जनावरं गेली, मी तेव्हा तिथं होते. कळप गेला की कुटुंब गेर गुंडाळून शहराच्या कडेला. मला तेव्हा सारखे आपले ऊसतोडीचे ट्रक दिसायचे. आपल्या भागातून गेलेल्या माणसाला ते दुःख समजावून सांगावं लागत नाही, हे माझं उत्तर समजा.

प्रश्न: मी ख्रिस्ती नाही, पण तुमचं लिखाण आवडीनं वाचतो. राग मानू नका, पण सूप देणं, आंघोळीची सोय, हे शेवटी धर्मात ओढायलाच ना? (एक वाचक, जळगाव)

राग कसला भाऊ, हे तोंडावर विचारणारे कमी असतात. तिथल्या कायद्यात जबरदस्ती, लालूच, फसवणूक करून धर्म पसरवायला बंदी आहे, लहान मुलांना चर्चच्या कार्यक्रमात घ्यायचं तर आईवडलांची लेखी संमती लागते. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं की सुपाच्या बदल्यात मिळालेला विश्वास मला नको. बाप्तिस्मा हवा म्हणणाऱ्याला आम्ही साधारण दोन वर्षं तयारी करायला लावायचो, मध्येच बरेच जण सोडून जायचे आणि त्यांची मुलं सूप प्यायला येतच राहायची. एक आजी वर्षभर रोज चुलीजवळ येऊन बसायच्या, एकदाही काही विचारलं नाही त्यांनी, आम्हीही नाही. वारल्या तेव्हा घरच्यांनी लामा बोलावले आणि आम्हाला पण निरोप दिला, आम्ही जाऊन मागं उभ्या राहिलो. कुणी कुठं या सेवेचा सौदा केला असेल तर ते चूक आहे, माझ्या धर्माच्या माणसानं केला तरी.

प्रश्न: आफ्रिकेत सात वर्षं होतो, मागच्या वर्षी परत आलो. इथं कुणाला ऐकायचं नाही आणि तिकडून फोनही कमी झालेत. मी गेलो नसतो तरी चाललं असतं असं वाटतं. (एक वाचक, शिरपूर)

भाऊ, मलाही असं झालंय. २०१६ मध्ये पहिल्या मंगोल तरुणाची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली तेव्हा मी उलानबातरच्या कॅथेड्रलमध्ये मागच्या बाकावर होते, ते चर्च गेरसारखं गोल आहे, आणि सगळे रडत होते तशी मीपण रडत होते, पण त्यानंतर हळूहळू आमच्या वस्तीत एकेक काम तिथली माणसं करायला लागली आणि मला न विचारता करायला लागली. गाण्याची चाल बदलली. मुलांच्या वर्गाची वेळ बदलली, जी मी फार विचार करून ठरवली होती. आत कुठंतरी लागलं, लपवत नाही. पण त्यांनी आयुष्यभर आम्हाला विचारत राहावं म्हणून तर आम्ही गेलो नव्हतो ना.

माझी हनुवटी धरणारी ती मुलगी आता मोठी झाली, तोच वर्ग ती घेते. या त्सगान सारला तिचा फोन आला, वीस मिनिटं तिच्या घरचं, मुलांचं, थंडीचं बोलली, कामाबद्दल एक शब्दही विचारला नाही. मला बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी थोडं कमी बरं वाटलं. दोन्ही खरं आहे.

ऐकायला माणूस हवा असेल तर नवापूरच्या सरांना भेटा. त्यांचं पत्र छापलंय त्यापेक्षा चौपट मोठं होतं आणि त्यात शेवटी त्यांनी तिथले लोक काय खातात, गुरांना काय घालतात असं सगळं विचारलंय. मी त्यांच्याशी फोनवर बोलले, ते म्हणाले कधीही या. संपादकांना कळवा, ते तुमची गाठ घालून देतील.